पंगत

नाकाला रुमाल लावून
नाशिकचे पाहुणे एकेक करत दुर्बिणीपाशी येतात.
येसू भोये सांगते, हळू बोला,
ती जेवताहेत.

माणशी पन्नास रुपये. पावती गावाची.
त्यातून पाड्याला पाण्याची टाकी आली,
रानाला राखणदार.

कुणी मोजतंय, अकरा, बारा…
एक पोर विचारतं, बैल कशानं मेला?

म्हातारा झालेला, ती म्हणते.
सांगत नाही
की गुडघा सुजला तेव्हा
हरसूलच्या दुकानातलं इंजेक्शन
तिनं टोचू दिलं नाही.
मांसात उरतं ते, गिधाडं मरतात.
निरगुडीचा पाला शेकत
तीन रात्री गोठ्यात बसली.

पोर बाजूला होतं.
मग ती डोळा लावते.
काचेत एक शिंग,
त्यावर अजून पोळ्याचा हिंगूळ.