खळं

फॉर्मवर तक्रारीचा रकाना बोटभर.
उईके मॅडमनी लिहिलंय: पांढरं जाणं, आठ महिने.
मावलं.

फुलवंता नान्हे, वय एकतीस.
आश्विनापासून पौषापर्यंत
बोडीत कमरेइतक्या पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडते.
खाज कुठे, हे सांगायला एकच शब्द होता तिच्याकडे
आणि तो शिवीतला.
म्हणून भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघत म्हणाली,
"तठी."

पदराच्या गाठीतून तिने काढली
दीडशेच्या गोळीची सात रिकामी पाकिटं.
मेडिकलवाल्याने दिली, काही न विचारता.
तिनेही घेतली, काही न सांगता.
तो व्यवहार दोघांनाही सोयीचा होता.

तिसऱ्या दिवशी थाळीचं झाकण उचललं
तर खोलीभर वास.
डोमाजी झाडू थांबवून म्हणाला,
"मॅडम, अठी कोन मोहा सडवते?"
चुकला नव्हता तो.
माठातलं आणि थाळीतलं, भाऊबंदच.
एकाची अख्खं गाव वाट बघतं,
दुसरीचं नाव निघालं की दार लोटतात.

माझ्याच रक्ताच्या पिवळ्या पाण्यात
ठिपकाभर वसाहत कालवली,
अडीच तास उबेला ठेवली.
नेहमीच्या जातीला शेपटी फुटते.
हिला फुटली नाही.
पुन्हा बघितलं. नाही.

मग निळसर थाळी.
तीन दिशांनी बोळा फिरवला, अंगण सारवावं तसा,
वर दोन चकत्या, टिकलीएवढ्या.
रात्री दोनला लाइट गेली.
क्वार्टरमधून चादर आणून पेटीला गुंडाळली
आणि थर्मामीटरशी बसून राहिले,
तापलेल्या पोराजवळ बसतात तशी,
फक्त उलटं: ताप उतरू नये म्हणून.

सकाळी पहिल्या चकतीला काहीच नाही.
कडेपर्यंत उगवलेलं, बिनधास्त,
औषधाला खेटून.
दुसऱ्या चकतीभोवती मोकळी जागा, गोल, स्वच्छ.
लेकीच्या कंपासमधली पट्टी लावली:
बावीस मिलिमीटर.

रिपोर्टवर इंग्रजीत दोन अक्षरं पुरतात.
फुलवंताला पुरत नव्हती.
"गोरी आयकत नाही का तो?"
तिच्या बोलीत ळ चा र होतो;
मी क्षणभर गोरी कोण ते शोधत राहिले.
नाही ऐकत, म्हटलं. ही गोळी त्याला कधीच लागू नव्हती.
सात काय, सत्तर घेतल्या असत्या तरी.

ती बराच वेळ गप्प.
मग दाराबाहेर बसलेल्या सासूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू,
"कोनाचा लागला माले?"

कोणाचा नाही.
हे आपल्यातच असतं, माझ्यातही,
डोमाजीत, त्या बाहेर बसलेल्या बाईतही.
तिने माझ्याकडे असं बघितलं
की मी खोटं बोलत असेन तर आताच सांगावं.

म्हणून थाळी तिच्यासमोर उजेडात धरली.
नियमात बसत नाही. धरली.
निळ्यात पांढरा ठिपका, भोवती वर्तुळ.
वाकून बघितलं तिने, बोट न लावता.
"चांदाले पडते तसं," ती म्हणाली,
"खरं."

औषध गोंदियाहून मागवावं लागेल.
चिठ्ठी तिने त्याच गाठीत बांधली,
पाकिटं मात्र टेबलावरच राहिली.
डोमाजीने विचारलं, फेकू का?