सतरावी पिशवी

लोणी मी गोठायच्या आत कापते.
सुपारीएवढे तुकडे, मोठे नकोत.
उणे पस्तिसात मोठा तुकडा म्हणजे दगड,
आणि दातांचा डॉक्टर वीस दिवस मागे.
चॉकलेटही इथेच, शेडमध्ये, हातोडीनं फोडून ठेवायचं.
सॉसेजच्या चकत्या. चीज, बदाम, ओट्सची पूड.
माणशी रोज एक किलो.
पिशवीवर काळ्या शाईनं दिवस: एक, दोन, तीन,
तेवीसपर्यंत.

अकरा वर्षं झाली लाँगइयरब्येनच्या या शेडमध्ये.
लोक येतात. ग्राझचा वकील, ओसाकाच्या जुळ्या बहिणी,
एक बाई, जिनं दोन वर्षं किनाऱ्यावर टायर ओढला होता
आणि टायरचं बारसंही केलं होतं.
ओसहिल्ड त्यांचं सामान जमिनीवर उपडं करते.
टूथब्रशची दांडी अर्धी कापते,
पुस्तकाची वाचून झालेली पानं फाडते,
प्रत्येक झिपला दोरीचा फास बांधायला लावते.
जाड हातमोज्यात बोटं नसतात, फक्त पंजा असतो.
तंबू उभारायचा तो डोळे बांधून,
आणि वाऱ्याच्या जागी मी, कापड ओढत.
पाण्याची बाटली, मुताची बाटली:
दुसरीला चिकटपट्टीचे तीन वेढे,
अंधारात हाताला कळतील असे.
इथे सगळे हसतात.
परत आल्यावर कुणी हसत नाही.

मी कधी गेले नाही.
प्रवास मी मागून वाचलाय, उरलेल्या पिशव्यांतून.
नवव्या दिवसाचे बदाम तसेच,
म्हणजे वादळ, तंबूतच पडून होते, भूक मेली.
चौदावी चाटूनपुसून, उलटी केलेली.
सतराव्याला काय होतं कोण जाणे.
तोवर पायांचे फोड जुने होतात, गप्पा संपतात,
मागे जाणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं.
एका वर्षी एक धिप्पाड माणूस सतराव्या दिवशी
स्कीवर उभ्या उभ्या नुसता रडला.
कारण विचारलं तर म्हणाला, चॉकलेट संपलं.
तेव्हापासून त्या पिशवीत मी
हातचं राखलेलं काही टाकते:
मार्झिपान, चार जर्दाळू,
एकदा वेलदोडा घातलेला बन.
वजन करताना ओसहिल्ड तेवढी डोळेझाक करते.

या वर्षी सहावा माणूस येत नाही.
तार्तूचा शिक्षक. गुडघा.
ओसहिल्डनं रिकामी घसरगाडी
पायानं माझ्याकडे ढकलली.
"बूट कितीचा?"
"एकोणचाळीस."
"दोन मापं मोठा घे. आतले मोजे जाड असतात."
एवढंच बोलणं झालं.

सूर्य गावात यायला अजून बारा दिवस.
काम सुटलं की कमरेला पट्टा, मागे दोन टायर,
रस्त्यानं अस्वलाच्या पाटीपर्यंत.
पाटीपुढे बंदूक लागते,
म्हणून पाटीला हात लावून माघारी.
खडीवर टायर खरखरतात.
खाणीतला म्हातारा अर्नफिन खिडकी उघडून ओरडतो,
"गाडी कुठे विसरलीस?"
पहिल्या आठवड्यात उत्तर द्यायला दम नव्हता.
आता असतो. तरी देत नाही.

काल माझ्या पिशव्या भरायला घेतल्या.
इतरांच्या भरताना हात आपोआप चालतो.
स्वतःच्या भरताना कळलं, मी कंजूष आहे.
तीन बदाम जास्त पडले, ते परत काढले.
सोळा झाल्या.
सतरा लिहिलं
आणि थांबले.
आत काय आहे हे मलाच ठाऊक असेल,
तर ती पिशवी नुसती एक किलो.

दारात योआर बूट झटकत होता.
एकोणीस वर्षांचा, गेल्या महिन्यात कामाला लागलेला.
रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली.
ही तू भर.
"काय घालू?"
मला सांगू नकोस.

बराच वेळ तो फडताळापुढे उभा राहिला,
मग माझ्याकडे पाठ केली.