वहीचं शेवटचं पान

"श्रावणात डावीकडे जाते जी,"
बळीराम नैताम म्हणाला,
"उन्हाळ्यात मात्र सरळ."
परवान्याचा कागद त्यानं प्लास्टिकमध्ये शिवून आणला होता
आणि रायफल जुन्या लुगड्यात.

बाबांनी ती मांडीवर घेतली,
दुसऱ्याचं लेकरू घ्यावं तशी, जरा अंतर राखून.
"रातची कुठी ठेवतं हे?"
"कोठ्यात. कडब्यापाशी."
"हं."

मग माझ्या वहीचं शेवटचं पान मागितलं.
गणिताची वही, चौकटींची.
बोटभर रुंद पट्टी फाडली,
नळी आणि लाकूड यांच्या मधून सरकवत नेली,
आणि टोकापासून चार बोटांवर ती अडली.

"पाय. इथं धरलं."
ओलीनं फुगलेला दस्ता
एका बाजूनं नळीला टेकला होता.
डोळ्यांना दिसत नव्हतं, कागदाला कळत होतं.
"गोळी सुटते तवा नळी थरथरते,
एकतारीच्या तारेवानी.
थरथरू दे ना. पण दरवेळी सारखी.
लाकडानं बोट लावलं का सूर गेला."

मी कंदील धरून होते.
त्याच्या काचेचं काजळ त्यांनी करंगळीवर घेतलं,
बोल्टच्या दोन्ही दातांना फासलं.
बोल्ट आत, खाली. मग वर, बाहेर.
एका दातावरचं काजळ पुसलेलं,
दुसऱ्यावरचं जसंच्या तसं.
"एकटाच ओझं वाहून रायला हा,
दुसरा नुसता उभा."
बळीराम हसला, "आमच्या सोसायटीवानी!"
बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

किती दिवस घासलं ते आठवत नाही.
काजळ, बोल्ट, कंदील. पुन्हा काजळ.
दस्ता आतून काचेच्या तुकड्यानं खरवडला,
जवसाचं तेल पाजलं, उन्हात नाही, चुलीमागं वाळवला.
तान्हा पोळा झाला,
पोरांचे लाकडी नंदी माळ्यावर गेले,
तेव्हा एका सकाळी ती पट्टी
टोकापासून थेट कोठीपर्यंत
काही न बोलता निघून गेली.

नाल्याच्या उंच काठाला थाळी टेकवली,
आईची, जरमनची, न विचारता.
शंभर पावलं बाबांनी स्वतः मोजली.
पोत्यावर दस्ता टेकवला, नळी नाही.
तीन गोळ्या. प्रत्येकीनंतर थांबायचं,
लोखंड निवेस्तोवर.
मग चौथी.

तीन भोकं आठाण्याखाली झाकली जातील अशी.
चौथं दोन बोटं वर.
बळीराम तीनकडे बघत होता.
बाबा चौथ्याकडे.
"हे तीन तिचे," ते म्हणाले. "हा माहा."
त्या वर्षी चहाची बशी त्यांच्या हातात वाजायची,
आणि घरात कोणी ते ऐकत नव्हतं.

परतताना मी विचारलं, "नेम म्हणजे काय जी?"
"एकदा लागला तर नशीब.
परत तिथंच आली, तर काम."
एवढं बोलून बिडीसाठी खिसा चाचपला.
काडी दोनदा विझली. तिसरी मी लावली.

बळीरामनं पैशांसोबत पायलीभर मोह दिला.
आई थाळीवरून दोन दिवस बोलली,
मग ती दुधाच्या गंजावर झाकण म्हणून ठेवू लागली.
दूध तापलं की वाफ यायची वर,
तीन भोकांतून एकच धार होऊन,
आणि जरा बाजूला,
बारीक,
एक वेगळी.