शनिवारी घाणा बंद

वही मागून उघडायची, मॅडम म्हणाल्या.
मी उघडली तर तिथे आधीच बाबांचा हिशेब :
जवस दोन क्विंटल, ढेप उधार,
पाटणसावंगीवाल्याचे अजून बाकी.
त्याच्याखाली मी पहिलं अक्षर काढलं, आलेफ.
त्याला स्वतःचा आवाज नाही.

वर्गात आम्ही तीन.
मोमिनपुऱ्याचा तौसीफ,
उजवीकडून डावीकडे लहानपणापासूनच जाणारा.
पाली विभागातून उसना आलेला मेश्राम.
आणि मी, जिला दुसऱ्या कुठल्याच विषयात
जागा उरली नव्हती. खरं तेच सांगते.

एप्रिल. कूलरला वाळा नवा, टाकीत पाणी नाही.
वाकरूळकर मॅडम फळ्यावर कोकणचा किनारा काढतात.
गलबत फुटलं. सात बाया, सात पुरुष तरले.
पोथ्या बुडाल्या, असं सांगतात.
मेश्राम विचारतो, सांगतात म्हणजे कोण?
मॅडम खडू खाली ठेवतात.
"आम्हीच. पुरावा मागशील तर नाही माझ्याकडे.
पेपरात 'परंपरा सांगते' असं लिही,
अर्धा मार्क त्याचाच आहे."

समुद्र आम्ही तिघांनीही पाहिलेला नाही.
झिरो माइलच्या दगडाशी उभं राहिलं
की सगळे किनारे सारखेच खोटे वाटतात.

व्यंजनं तेवढी लिहायची,
मधले स्वर वाचणाऱ्याने आपले आपण भरायचे.
हे मला सोपं गेलं.
दुकानातल्या मोडीच्या चोपड्या अशाच :
ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही, शब्दाशब्दांत वाट नाही.
कोणी पैसे बुडवले
हे आधीच माहीत असेल त्यालाच वाचता येतात.

मग एका सोमवारी, डब्यातला मलिदा वाटता वाटता,
गोड पोहे, वर खोबरं, तर्रीचा पत्ता नाही,
त्या सहज म्हणाल्या :
किनाऱ्यावर आमची माणसं तेल गाळायची.
शनिवारी घाणा बंद.
गावाने नाव पाडलं, शनिवार तेली.

मी घास तसाच धरून बसले.
हजेरीत साखरवाडे आहे मी.
तौसीफने एकदा पाहिलं, मग मलिद्याकडे वळला.

जुन्या भंडारा रोडवर बाबा मोटर बंद करत होते.
बाबा, ते पण तेली होते.
"कोन?"
सांगितलं. देव सांगितला, वार सांगितला,
फुटलेलं गलबत सांगितलं.
त्यांना त्यातलं काहीच नको होतं.
हात पुसत एवढंच विचारलं :
"मानूस बसे शनवारी, ते ठीक हाये.
बैल?"

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न जसाच्या तसा वर्गात नेला,
वऱ्हाडीसकट.
मॅडम हसल्या नाहीत.
एका शब्दावर बोट ठेवलं. शोर.
"शोर म्हणजे तर गोंगाट," तौसीफ म्हणाला.
"इथे बैल. आणि सुट्टी त्यालाही."
मग फळ्यावर आलेफ काढून हळूहळू तो फिरवला,
दोन शिंगं वर आली, तोंड खाली.
फार पूर्वी हे अक्षर बैलाचं डोकं होतं, म्हणाल्या,
आणि बेल झाली.

रात्री बाबांना दाखवलं.
ते चष्मा शोधत राहिले बराच वेळ.
"आमचा पवन्या," म्हणाले,
"डोयाले पट्टी बांधून सतरा वर्सं चालला,
अन् गेला कुठी? आंगनाच्या भाईर नाई.
त्याले वर्साचा येकच शनवार. पोया."

मग वहीवर वाकले.
"कोनतं? हे?"
तेलाचं बोट आलेफवर टेकलं.
मी ओरडणार होते, उद्या वही तपासायला द्यायची आहे.
नाही ओरडले.
कागद तिथे पारदर्शक झाला
आणि अक्षराच्या आतून
पाठच्या बाजूची ढेप दिसायला लागली,
उलटी, उजवीकडून डावीकडे.