ई-पाच

पुस्तिकेत ई-चारपर्यंतच आहे.
ई-एक म्हणजे सेन्सर, ई-दोन म्हणजे पंखा,
ई-तीनला कंपनीला फोन करा,
ई-चारलाही तेच.
ई-पाच कुणी लिहूनच ठेवला नाही.

फोनवरची पोरगी हिंदीत म्हणाली,
बंद करा, दहा मिनिटं थांबा, चालू करा.
म्हटलं, ताई, आमच्या वसमतला हे रोजच होतं,
दहा मिनिटं नाही, तीन-तीन तास.
ती हसली नाही. तिच्या पडद्यावर
तेवढी ओळ नसावी.

पत्तेवार शेठ झोपाळ्यावरून ओरडले,
‘वापरतंय कोण त्याला!
पोरानं पुण्याहून धाडलं, दिवाळीपासून झाकून आहे.
उगं बसल्या बसल्या बिघडलं.’
मी क्रोशाचं झाकण काढलं.
वर धूळ नव्हती.

मागचा पत्रा खोलला. पंख्यात हळदीची पूड.
ती या गावात कशातही निघते,
कुलपात, मनगटी घड्याळात,
एकदा तर बंद टीव्हीच्या पोटात.
फुंकर मारली. ई-पाच.
सेन्सरला मीटर लावला, अकराशे सतरा ओहम,
खोली तापलीय तीस अंश, म्हणजे तो खरं बोलतोय.
दाराचा स्विच टक्क वाजला.
ई-पाच.

मग उस्मानचाचांनी शिकवलेलं केलं:
घड्याळ आणि उणे, दोन्ही बटणं एकदम दाबून
मनात पाच आकडे.
यंत्राला सगळं आठवत असतं,
नीट विचारावं लागतं एवढंच.
हिरव्या अक्षरांत एकेक ओळ वर सरकू लागली.

एकशे ऐंशी अंश. बावीस मिनिटं. दार उघडलं.
एकशे ऐंशी. एकोणीस मिनिटं. दार उघडलं.
एकशे सत्तर. बावीस मिनिटं. दार उघडलं, पुन्हा उघडलं.
असं अकरा वेळा.
वेळ: दोन वाजून दहा. दोन पंचवीस. दोन पाच.

रात्री दोनला कोण?
अंगावर जरा काटाच आला.
मग लक्षात आलं, याचं घड्याळ कुणी लावलंच नाही.
लाइट आली की ते बारापासून मोजायला लागतं.
आणि या गल्लीत लाइट येते साडेअकराला.
म्हणजे दुपारचे पावणेदोन, आगेमागे.
शेठ तेव्हा मोंढ्यात असतात,
हळदीचे सौदे ऐन रंगात.

काकू पाण्याचा गिलास घेऊन दारात उभ्या.
मनगटावर भाजल्याची नवी रेघ.
मी गिलास घेतला.
वास आला, हळदीच्या खालून, व्हॅनिलाचा.
वॉरंटी कार्डावर नाव होतं कुमुद मनोहर पत्तेवार,
अक्षर शाळेतल्यासारखं, जपून काढलेलं.

फर्मवेअर जुनंच होतं.
नवं टाकलं तर जुन्या नोंदी पुसल्या जातात.
म्हणून टाकलं.
याहून चांगलं कारण काही सापडलं नाही.
पेन ड्राइव्ह लुकलुकत राहिला,
आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो,
प्रत्येक जण वेगळंच.

‘काय निघालं?’
‘व्होल्टेज.’
‘म्हटलो होतो ना मी!’

पत्रा लावता लावता
जरा मोठ्यानंच बोललो,
‘आणि शेठ, एक ध्यानात ठेवा.
पहिली पस्तीस मिनिटं दार उघडायचं नाही.
कितीही वाटलं तरी. काचेतून बघायचं,
आतला दिवा त्याच्यासाठीच दिलाय.
मध्येच उघडलं की बसतं ते.’
‘काय बसतं?’
‘यंत्र,’ म्हटलं.
काकूंनी पदर उगीचच नीट केला.

अडीचशे सांगितले होते.
शेठनी एकशे ऐंशीवर आणले.
तो आकडा ऐकून मला हसू आलं,
त्यांना वाटलं, पटलं.

चप्पल घालताना आठवलं, वळलो,
‘घड्याळ लावून देऊ का, काकू?
एकाच मिनिटाचं काम आहे.’
एवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या,
‘राहू द्या.
लाइट जातेच की.’