तीन अक्षरांची जागा

लायसनने तेलाच्या डब्याला
सायकलच्या ब्रेकची तार ताणून गिटार केली
आणि मग तो तिच्याशीच बोलायला लागला.

तडालाला जाऊन मार्चात वर्ष होईल.
नुसता ताप होता. थ्योलोच्या दवाखान्यातल्या गोळ्या
आदल्याच दिवशी संपलेल्या.
पास्टर म्हणाले, त्याची इच्छा.
लायसनने मान हलवली;
हो म्हणून की नाही म्हणून,
मला अजून कळलेलं नाही.

कंदिलात रॉकेल नसतं. तो अंधारातच
ओळ जुळवतो, मोडतो, तार पिळतो.
दुसऱ्या कडव्यात एका जागी अडला.
तिथे आधी देवाचं नाव होतं, मुलुंगु.
काढून टाकलं,
तर चाल लंगडायला लागली
आखूड पायाच्या बाकासारखी.
पाऊस घालून पाहिला. मळ्याचा मालक घातला.
एकदा तर शिवी.
मी कूस वळून म्हटलं, झोप की रे आता.

मग एका रात्री त्याने तिथे तडाला म्हटलं.
तीनच अक्षरं.
बसलं.
तिच्या मापाचा फ्रॉक बसावा तसं.
त्यानंतर त्याने तार छेडली नाही,
मीही झोप म्हटलं नाही.

रविवारी तो चर्चबाहेर आंब्याखाली उभा असतो.
आत येत नाही, घरीही जात नाही.
मी आत गाते.

आज पाठीवर टोपली, हात पानांत,
आणि ते कडवं आपसूक ओठांवर आलं.
पलीकडच्या ओळीतून झिओने म्हणाली,
कुणाचं नाव घेतलंस गं आत्ता?

मला सांगता येईना.
मुकादम बघत होता.
टोपली अजून अर्धीच भरलेली.