सतराव्या फेरीत

नवव्या फेरीलाच बिटको चौकात जेसीबी येऊन थांबला,
फावड्यात गुलालाची पोती.
आमदार तिसऱ्यांदा. आघाडी पन्नास हजारांच्या पुढे,
आणि अजून अकरा फेऱ्या बाकी.

जाळीपलीकडच्या खुर्च्या एकेक करत रिकाम्या झाल्या.
चहाला म्हणून गेले ते गेलेच,
आधी हरणाऱ्यांचे प्रतिनिधी, मग जिंकणाऱ्यांचेही.
राहिले एकटे दोंदेकाका,
मांडीवर दोनशे पानी वही,
चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळलेला.

मी बटण दाबते, यंत्र त्यांच्याकडे वळवते,
ते लिहितात.
मी दाबते, ते लिहितात.
आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. आज पाळी होती.

सतराव्या फेरीत जाळीतून त्यांचं बोट आत आलं.
"मॅडम, हे अकरा नाही, सतरा.
तुमच्या सातची टोपी राहिली."

म्हटलं, काका, सहा मतं!
नव्वद हजारांनी मागे आहात तुम्ही.

हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
"मी प्रेसला होतो, तेहतीस वर्षं.
नोटांचे ताव मोजायचो.
एक कमी भरला की फाटक बंद.
भोंगा होऊन गेलेला, कुणाच्या घरी हळद,
कुणाचं पोर तापानं फणफणलेलं,
आणि आम्ही परत पहिल्यापासून.
सापडायचा.
कुठंतरी दुसऱ्याला चिकटून बसलेला असायचा."

यंत्र पुन्हा लावलं.
सतरा.
अकरावर काट मारली, शेजारी सतरा,
शेजारी माझी सही, मग साहेबांची.
साहेब म्हणाले, एवढ्यासाठी?

संध्याकाळी रिक्षा जेलरोडला अडकली.
डीजेच्या ठोक्यानं मेडिकलचं शटर थरथरत होतं.
"आपला माणूस आला," रिक्षावाला म्हणाला.
मी हो म्हटलं. खोटं नव्हतं,
माझंही मत त्यालाच, टपालानं गेलेलं.

पण ते सहाजण?
याच गर्दीत असतील,
कपाळ पुढे करून गुलाल लावून घेत.
एखादीनं घरी भलतंच सांगितलं असेल.
त्यांना कधी कळणार नाही
की दुपारी सव्वातीनला ते हरवले होते
आणि एका म्हाताऱ्यानं फाटक लावून धरलं.

घरी पोचले तर पाणी येऊन गेलेलं.
पिंपाच्या तळाशी होतं तेवढ्यात हात धुतले.
गुलाल निघाला.
पेनाची शाई नखाच्या कडेला
तशीच.